डायफ्राम पंपाच्या जुन्या ट्रकवर थ्रॉटल बॉडी बदलणं आणि स्लो-रेस जुळवणं

कारखान्यांची धुराडी पेटायच्या आधी सांगली, मिरज, कराडच्या गॅरेजांत जुन्या गाड्या कामाला येऊन उभ्या राहतात. बऱ्याच जणांची तक्रार एकच असते. स्लो (रेस न देता इंजिनाचा सगळ्यात कमी वेग) टिकत नाही, रेस सोडली तरी इंजिन खाली येत नाही, चढाला धूर काढते. मग कुणीतरी सांगतं, "थ्रॉटल बॉडी झिजली, बदलून टाका." बॉडी बदलली जाते आणि दुसऱ्या दिवशी गाडी परत दारात. बहुतेक वेळा काम उलट्या क्रमानं झालेलं असतं. आधी डिझेल पंपाचे स्क्रू पिळले, मग बॉडी बदलली, आणि व्हॅक्यूमच्या नळीकडे शेवटपर्यंत कुणी पाहिलंच नाही. खाली दिलेला क्रम मोडू नका. एखादा टप्पा फालतू वाटला तरीही.

तुमच्या गाडीला हे लागू आहे का, ते आधी बघा

जुन्या डिझेल इंजिनात दोन तऱ्हेचे गव्हर्नर, म्हणजे डिझेल कमी-जास्त करून इंजिनाचा वेग आवरणारे भाग, भेटतात. एकात पंपाच्या आत फिरणारी वजनं असतात. अशा इंजिनाला हवेच्या वाटेवर झडप लागत नाही आणि रेसचा दांडा थेट पंपावर येतो. दुसरा डायफ्रामचा, म्हणजे लवचिक पडद्याचा. याच्या पंपामागे गोल, चपटा डबा दिसतो आणि त्या डब्यातून एक बारीक नळी हवेच्या मॅनिफोल्डवरच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या वाटेवरच्या) झडपेच्या घरात जाते. हे घर म्हणजेच थ्रॉटल बॉडी. रेसचा दांडा त्या झडपेवर असतो. टाटा १२१०च्या पिढीतले काही ट्रक, जुन्या डिझेल जीपा आणि बरेच जुने ट्रॅक्टर या जातीचे. आज यांतल्या कितीतरी गाड्या जत, आटपाडीकडे पाण्याचे टँकर म्हणून नाहीतर हंगामात ऊस ओढायला वापरतात. हा लेख फक्त डायफ्रामवाल्यांसाठी आहे. नव्या इलेक्ट्रॉनिक डिझेल गाड्यांतली झडप वेगळ्या कामाची असते, तिला यातलं काहीही लावू नका.

काम कसं चालतं हे समजलं तर अर्ध्या चुका होतच नाहीत. डब्यातली स्प्रिंग पंपाचा रॅक (डिझेल कमी-जास्त करणारा आतला दांडा) कायम जास्त डिझेलकडे ढकलत असते. इंजिन फिरलं की झडपेच्या घरात व्हॅक्यूम तयार होतो, तो नळीतून डायफ्रामला खेचतो आणि रॅक मागे घेतो. झडप मिटलेली असेल तर ओढ जास्त, डिझेल कमी, गाडी स्लोवर. झडप उघडली की ओढ कमी, डिझेल जास्त. म्हणजे तुमचा पाय थेट डिझेल वाढवत नाही, तो फक्त हवा मोकळी करतो. आता नळी तुटली, निसटली किंवा लावायचीच राहिली तर काय होईल? रॅकला मागे ओढणारं कुणीच उरत नाही. इंजिन सुरू होताच पूर्ण डिझेलवर सुटतं.

टप्पा १ : दोष खरंच बॉडीत आहे का

नवा भाग आणायच्या आधी चार तपासण्या करा, याच क्रमानं.

पहिली, एअर फिल्टर. कारखान्याच्या यार्डातली पाचटाची धूळ, मार्केट यार्डातली हळदीची भुकटी, वीटभट्टीची माती, सगळं तिथं बसतं. फिल्टर चोंदला की हवेच्या वाटेत ओढ वाढते, रॅक नको तेवढा मागे राहतो आणि गाडी बांधून ठेवल्यासारखी चालते. ऑइल बाथ फिल्टर (तेलात धूळ अडकवणारा) असेल तर तेल खुणेपर्यंतच आहे ना, ते बघा.

> सावधान : ऑइल बाथमध्ये तेल खुणेच्या वर भरलं तर इंजिन ते तेल ओढून त्यावरच पळू शकतं. अशा वेळी डिझेल बंद करूनही इंजिन थांबत नाही. "जास्त घातलं म्हणून काय बिघडतंय" हे इथं चालत नाही.

दुसरी, व्हॅक्यूमची नळी. दोन्ही टोकं सोडून नळी हातात घ्या. तडा, चेमटलेला भाग, सैल युनियन (नळी जोडायचा नट), आत साठलेलं तेल असं काही आहे का बघा. नळीच्या जागी पाण्याचा रबरी पाइप किंवा सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावलेला असेल तर दुसरं काही बघण्याआधी तो काढून टाका. मऊ रबर व्हॅक्यूमखाली आत दबतं, वाट बंद होते आणि डायफ्रामपर्यंत ओढ पोचत नाही.

तिसरी, डायफ्राम. इंजिन बंद, गव्हर्नरकडची नळी सुटलेली. पंपावरचा, इंजिन बंद करायचा स्टॉपचा लिव्हर पूर्ण स्टॉपकडे नेऊन धरा. डब्याच्या युनियनचं तोंड अंगठ्यानं गच्च दाबा आणि मग लिव्हर सोडा. लिव्हर किंचित मागे येईल आणि तिथंच थांबायला हवा. सावकाश सरकत राहिला तर कुठंतरी गळती आहे. झटक्यात पूर्ण परत गेला तर डायफ्राम फाटलाय, किंवा डब्याचं पॅकिंग गेलंय. शेवटी अंगठा काढा. आता लिव्हर चटकन परत जायला हवा. नाही गेला तर रॅक अडकतोय. तिथं थांबा, पंपवाल्याला बोलवा आणि तोवर इंजिन सुरू करू नका.

जुन्या पंपांत चामड्याचा डायफ्राम असतो. तो वाळून कडक झाला की फाटलेला नसतानाही स्लोवर इंजिन हेलकावे खातं. डिझेलमध्ये बुडवून तो मऊ करायचा उद्योग करू नका, नवा टाका.

चौथी, बॉडी. झडपेचा स्पिंडल (ज्यावर झडप फिरते ती दांडी) बोटांनी वर-खाली हलवून बघा. फिरतो तितका चालेल, पण कडेला ठकठक हलला तर बुश (स्पिंडलला आधार देणाऱ्या कड्या) गेलेत. तिथून हवा आत शिरते आणि स्लो वर चढतो. झडप मिटताना एका बाजूला घासत असेल, घराच्या भिंतीवर चकाकती रेघ उठली असेल, तर ती बॉडी बदलायचीच.

पहिल्या तीन तपासण्या पास आणि चौथी नापास, तरच पुढं जा. माझा अंदाज विचाराल तर तक्रार घेऊन येणाऱ्या गाड्यांपैकी निम्म्यांचं काम इथंच संपायला हवं.

टप्पा २ : तयारी

गाडी सपाट जागेवर, न्यूट्रलमध्ये, चाकांना दोन्ही बाजूंनी दगड. इंजिन गार. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, म्हणजे तुमचा हात आत असताना कुणी हौशी क्लीनर स्टार्टर मारणार नाही.

जवळ ठेवायच्या वस्तू : नवं पॅकिंग, होजचे नवे क्लॅम्प, व्हर्नियर, स्टीलची पट्टी, आरपीएम मोजायचं मीटर, काटा पिना, स्वच्छ सुती फडकं. आणि एक जाड, सपाट लाकडी फळी, हवेच्या तोंडापेक्षा सगळ्या बाजूंनी दोनेक इंच मोठी. फळी कशाला, ते टप्पा ७ मध्ये कळेल. ती विसरलात तर काम सुरू करू नका.

स्टॉपची केबल आधी चालवून बघा. केबिनमध्ये खेचल्यावर पंपावरचा लिव्हर शेवटपर्यंत जातो का? अर्ध्यावर अडकणारी केबल घेऊन थ्रॉटलचं काम करणं म्हणजे ब्रेक न तपासता घाट उतरणं.

टप्पा ३ : मोजा, खुणा करा, मग काढा

रेसच्या दांड्याची लांबी एका डोळ्याच्या मध्यापासून दुसऱ्या डोळ्याच्या मध्यापर्यंत मोजून लिहून ठेवा. लिव्हर स्पिंडलवर कोणत्या कोनात बसलाय, त्याचा मोबाइलवर बाजूनं फोटो काढा. स्प्रिंग कोणत्या भोकात अडकवली आहे, तेही फोटोत यायला हवं. "लक्षात राहतंय की" म्हणणाऱ्यांचेच दांडे नंतर आखूड पडतात.

आधी बाहेरची माती-तेल पुसून घ्या. नंतर होज सोडा, दांड्याचा बॉल जॉइंट किंवा पिन काढा, स्प्रिंग काढा. व्हॅक्यूमच्या युनियनला दोन पाने लावा, एकानं धरा आणि दुसऱ्यानं फिरवा, नाहीतर नळी पिळवटते. बोल्ट कर्णाच्या क्रमानं थोडे थोडे ढिले करा.

बॉडी निघाली की मॅनिफोल्डच्या तोंडात फडकं कोंबा आणि त्याचं शेपूट बाहेर लोंबकळतं ठेवा. आत पडलेलं एक वायसर पुढं पिस्टनवर जाऊन आदळतं. जुनं पॅकिंग खरवडताना ॲल्युमिनियमला ओरखडे पाडू नका. तोंड साफ झालं की त्यावर पट्टी उभी धरा. खालून उजेड दिसत असेल तर पृष्ठभाग वाकडा आहे, तो आधी सपाट करून घ्या.

> तपासा : जुन्या बॉडीवर झडपेचे दोन्ही छोटे स्क्रू आहेत का? एखादा गायब असेल तर तो मॅनिफोल्डमध्ये शोधा. सापडेपर्यंत इंजिन फिरवायचं नाही.

टप्पा ४ : नवी आणि जुनी शेजारी ठेवा

या टप्प्याला घाई करणाऱ्यांची गाडी हमखास परत येते. बोल्टची भोकं जुळली म्हणून बॉडी जुळली असं होत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं माप आतल्या गळ्याचं, म्हणजे जिथं घर सर्वांत अरुंद आहे तिथला व्यास. व्हर्नियरनं दोन्हींचा मोजा. इंजिनाचा जास्तीत जास्त वेग याच मापावर ठरतो. गळा अरुंद असेल तर थोड्या हवेतच ओढ वाढते, रॅक लवकर मागे जातो आणि गाडी रेसच घेत नाही. गळा रुंद असेल तर ओढ उशिरा येते आणि इंजिन मर्यादेबाहेर पळतं. भंगार बाजारातून चार सिलिंडरची बॉडी आणून सहा सिलिंडरच्या गाडीला बसवली जाते ती इथंच अडते. बॉडीवर कोरलेला नंबर वाचता येत असेल तर तोही ताडून बघा.

मग नळीचं तोंड कोणत्या दिशेला आहे, लिव्हर उजवा की डावा, आणि मिटलेल्या स्थितीत लिव्हरचा कोन फोटोतल्यासारखाच आहे का. झडप मिटून बॉडी उजेडाकडे धरा. कडेनं दिसणारी फट सगळीकडे सारखी हवी. एका बाजूला चंद्रकोर दिसली तर झडप नीट मध्यावर बसलेली नाही. झडपेच्या स्क्रूंची मागची टोकं ठोकून पसरवलेली असायला हवीत. नसतील तर ठोकून घ्या, पण खाली आधार देऊन, म्हणजे स्पिंडल वाकणार नाही.

पूर्ण रेसच्या थांब्याचा स्क्रू सहसा सीलबंद येतो. त्याला हात लावू नका. जुनी बॉडी सील तुटलेली असेल तर तिच्यावरून माप उचलून नव्यावर "तसंच सेट" करायचं नाही, कारण त्या स्क्रूशी आधीच कुणीतरी खेळून गेलेलं असतं.

टप्पा ५ : बसवणं

पॅकिंग कोरडं लावा. सिलिकॉनचा जाड थर देण्याची सवय आपल्याकडे फार पसरली आहे. दाबल्यावर तो आत सरकतो, सुकल्यावर त्याचे तुकडे सुटतात आणि व्हॅक्यूमचं बारीक भोक बुजतं. पॅकिंगची भोकं मॅनिफोल्डशी जुळतात का, पॅकिंगची कड हवेच्या वाटेत डोकावत नाही ना, हे आधी बघा.

फडकं काढा. खरंच काढलं ना, ते पुन्हा बघा.

बोल्ट हातानं चढवा, मग कर्णाच्या क्रमानं दोन फेऱ्यांत आवळा. ॲल्युमिनियममध्ये बोल्ट आवळताना मनगटाचा जोर पुरे, पान्याला पाइप लावायचा नाही. आवळून झाल्यावर झडप हातानं उघडा-मिटा. आधी मोकळी होती आणि आता जड लागतेय, तर बॉडी पिळली गेली आहे. बोल्ट सोडून पुन्हा आवळा.

आता व्हॅक्यूमची नळी. आधी गव्हर्नरकडचं टोक लावा. बॉडीकडचं टोक स्वच्छ पुसा, स्टॉप लिव्हर स्टॉपकडे धरा, ते टोक बोटानं दाबा आणि लिव्हर सोडा. टप्पा १ मधलीच तपासणी, पण या वेळी नळीसकट. लिव्हर टिकला तर दुसरं टोक बॉडीला लावा. नळीत कंप्रेसरची हवा मारू नका, डायफ्राम जागेवर फाटेल.

टप्पा ६ : दांडा आणि पेडल

दांडा लिहून ठेवलेल्या लांबीवर जोडा. आता एकानं केबिनमध्ये पेडल दाबायचं आणि दुसऱ्यानं बॉडीकडे बघायचं.

पाय पूर्ण सोडल्यावर लिव्हर स्लोच्या स्क्रूवर टेकलेला हवा, आणि दांड्यात किंचित सैलपणा हवा. दांडा ताणलेला असेल तर लिव्हर स्क्रूपर्यंत पोचत नाही, आणि मग तुम्ही स्लोचा स्क्रू कितीही फिरवा, काही फरक पडत नाही. ही चूक एवढी नेहमीची आहे की स्लो सेट होत नाही म्हटलं की आधी इथंच बघावं.

पाय पूर्ण दाबल्यावर लिव्हर पूर्ण रेसच्या थांब्याला जेमतेम लागायला हवा, आणि त्याच वेळी पेडल खालच्या थांब्यावर टेकायला हवं. पायाचा सगळा जोर बॉडीच्या लिव्हरवर येत असेल तर स्पिंडल महिन्याभरात वाकतो. केबिनमधली जाड मॅट किंवा गोणपाट पेडलखाली येतंय का, तेही बघून घ्या.

स्प्रिंग मूळ भोकातच. पेडल जड लागतं म्हणून स्प्रिंग ताणून ढिली करणं, किंवा पिनेऐवजी तार गुंडाळणं, हे दोन्ही प्रकार रस्त्यावर जीव घेऊ शकतात. नवी काटा पिन घाला आणि तिची टोकं वाकवा.

टप्पा ७ : पहिला स्टार्ट

बॅटरी जोडा. एअर फिल्टरचा होज अजून लावायचा नाही. गाडी मोकळ्या, धूळ नसलेल्या जागी असावी. एक माणूस केबिनमध्ये, स्टॉपच्या केबलवर हात ठेवून. दुसरा बॉडीजवळ, हातात फळी. पंख्याच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही. गमछा, मफलर काढून ठेवा.

पेडलला पाय न लावता स्टार्ट करा. इंजिन क्षणभर चढून लगेच खाली यायला हवं. चढतच गेलं तर केबिनवाल्यानं स्टॉप खेचायचा आणि त्याच वेळी बाहेरच्यानं फळी तोंडावर सपाट दाबायची. हवा बंद झाली की इंजिन थांबतंच.

> सावधान : हवेचं तोंड हाताच्या तळव्यानं किंवा कापडानं बंद करायला जाऊ नका. कापड आत जातं आणि तळव्याची कातडी सोलते.

आणखी एक गोष्ट या जातीच्या इंजिनाला लागू आहे. चढावर गिअरमध्ये उभी गाडी मागे घरंगळली आणि इंजिन उलटं फिरून सुरू झालं, तर हवेच्या तोंडातून धूर येतो आणि ऑइलचं प्रेशर दिसत नाही. उलट्या फिरण्यात व्हॅक्यूमच तयार होत नाही, म्हणून गव्हर्नर आंधळा होतो. असं काही दिसलं की तत्काळ स्टॉप खेचा. इंजिन तेलावाचून फार वेळ टिकत नाही.

सगळं ठीक असेल तर इंजिन बंद करा, होज लावा, क्लॅम्प आवळा.

टप्पा ८ : स्लो जुळवणं

इंजिन पूर्ण तापू द्या. गार इंजिनवर सेट केलेला स्लो तापल्यावर बदलतो. मीटर लावा. किती आरपीएम हवा, ते त्या इंजिनाच्या मॅन्युअलमधून घ्या. या मोठ्या जुन्या इंजिनांचा स्लो साधारण ५०० ते ६००च्या आसपास असतो. कानानं सेट करायची पैज लावू नका.

बॉडीवरच्या स्लोच्या स्क्रूचा लॉकनट ढिला करून स्क्रू थोडा थोडा फिरवा आणि प्रत्येक वेळी इंजिन स्थिर होऊ द्या. स्क्रू पूर्ण मागे घेऊनही स्लो जास्तच राहत असेल, तर झडपेपुढे कुठूनतरी हवा शिरते आहे. पॅकिंगच्या कडेनं आणि स्पिंडलच्या टोकांना थोडं ग्रीस फासा. जिथं फासल्यावर स्लो खाली येतो, तिथं गळती. पेट्रोल गाड्यांवर करतात तसा स्प्रे किंवा पेट्रोल इथं अजिबात मारू नका. डिझेल इंजिन ते जाळून उसळी मारतं.

स्लो बरोबर आहे पण इंजिन वर-खाली हेलकावतंय? मग गव्हर्नरच्या डब्यामागचा डॅम्परचा छोटा स्क्रू बघा, ज्या पंपाला तो बाहेरून दिलाय त्याच्यावर. हेलकावे नुकते थांबतील इतकाच आत घ्या, त्याहून जास्त नाही. जास्त आत गेला की स्लो वर चढतो. त्यामुळे डॅम्परनंतर स्लो पुन्हा मोजायचा, आणि मग दोन्ही लॉकनट आवळायचे.

> तपासा : पेडल झटकन अर्धं दाबून सोडा. इंजिन स्लोवर उतरताना बंद पडू नये आणि वर लटकूही नये. तीन-चार वेळा करून बघा.

टप्पा ९ : पूर्ण रेस, फक्त मोजायची

पेडल सावकाश पूर्ण दाबा, नजर मीटरवर. मॅन्युअलमध्ये दिलेल्या बिनलोड कमाल वेगाच्या वर काटा जायला लागला की पाय काढा. वेग जास्त भरला तर गळ्याचं माप, नळी आणि डायफ्राम पुन्हा तपासा. सगळं बरोबर असूनही फरक राहिला तर पंप आणि बॉडी दोन्ही कॅलिब्रेशन बेंच (पंप मोजून जुळवायचं यंत्र) असलेल्या पंपवाल्याकडे न्या. एकटा पंप नेऊन उपयोग नाही, कारण या पद्धतीत दोन्ही मिळूनच एक गव्हर्नर आहे.

"गाडीची ताकद थोडी वाढवून द्या" म्हणून ड्रायव्हर सील तोडायला सांगतील. सीलमागचा स्क्रू पिळून ताकद येत नाही. काळा धूर, तापलेलं इंजिन आणि वाढलेलं डिझेल मात्र नक्की येतं.

टप्पा १० : रस्त्यावर

आधी रिकामी गाडी गावातल्या गावात फिरवा. गिअर बदलताना रेस लटकते का, सिग्नलला बंद पडते का. मग अर्धा माल भरून एखाद्या चढावर न्या. कराड-पाटणकडच्यांना कुंभार्लीचा चढ आहे, वाईकडच्यांना पसरणीचा. सांगलीच्या सपाट रस्त्यावर पास झालेली गाडी चढाला वेगळं बोलते. चढावर सतत दाट काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. आधी फिल्टर आणि होज बघा. उतारावर गिअरमध्ये पाय सोडला की इंजिननं गाडी धरून ठेवायला हवी. धरत नसेल तर झडप पूर्ण मिटत नाही, म्हणजे टप्पा ६ वर परत जा.

आल्यावर इंजिन गार होऊ द्या आणि बोल्टना एकदा पाना लावा. नवं पॅकिंग पहिल्या तापण्यात थोडं बसतं. पहिल्या आठवड्यानंतर बोल्ट, व्हॅक्यूमचे दोन्ही युनियन आणि काटा पिन पुन्हा बघा. ऊस ओढणारी गाडी असेल तर हंगामात फिल्टर रोज संध्याकाळी झटकायचा, आणि ऑइल बाथमधलं तेल घट्ट, काळं झालं की बदलून पुन्हा खुणेपर्यंतच भरायचं.